हिरव्या पाकिटातली किल्ली

आणि वर मलाच विचारतात, "थियाम काका, किल्ली कुठाय?"... अहो, किल्ली कुठाय म्हणून मला काय विचारता! किल्ली आहे. आहे म्हणजे आहे, चोरीला गेलेली नाही, मोडलेली नाही, देवळाच्या बाहेर तर नाहीच नाही. पण नेमकी कुठाय... ते जरा थांबा, त्याच्याकडे येतोच. आधी तुम्ही मला एवढंच सांगा, जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, जिला ना दात ना कडी, तिला किल्ली म्हणायचं कशाला? बरं, म्हटलं तर म्हटलं, पण ती सांभाळायला माझ्याकडे? मी कोण? मी बुदाईच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा माणूस! अख्खी हयात ओरडण्यात गेली. ही बघा सुरमई, हा बघा हलवा, हा आत्ता उतरलाय, अजून शेपूट हलवतोय! जे आहे ते टोपलीतून वर काढून सगळ्यांना दाखवायचं, हा माझा धंदा. आणि म्हातारपणी नशिबात काय आलं? तर एक गुप्त किल्ली. कुणाला दाखवायची नाही आणि कुठं हरवायची नाही!

म्हणजे दोष तरी कुणाला देऊ? देवळाच्या मंडळाला वाटलं, थियाम आता रिकामाच आहे, आवाज खणखणीत आहे, करा त्याला चिटणीस. माझूआईचं देऊळ! समुद्रावर जाणाऱ्यांची आई ती, तिला नाही कसं म्हणणार? मी विचारलं, काम काय? म्हणाले, काही नाही हो, उत्सवात माइकवर बोलायचं, पाहुण्यांना चहा द्यायचा आणि वर्षदिव्यांचं बघायचं. वर्षदिवे म्हणजे, नवीन वर्षाच्या आधी आपल्या माणसाच्या नावाचा एक छोटा दिवा देवीपुढं लावतात, तो वर्षभर जळतो, म्हणजे त्या माणसावर वर्षभर आईची नजर. पूर्वी लोक रांगा लावून यायचे. आता पोरं सगळी तैपेईला नाहीतर काओशुंगला, म्हणून देवळानं वेबसाइट काढली. घरबसल्या नाव टाका, इथं दिवा लागतो. ती वेबसाइट चालवणारी मशीन, तो सर्व्हर, आमच्या देवळातच आहे, नगाऱ्यामागच्या खोलीत. आणि तिचं सगळं पेइ-रुंग बघायची. गावातलीच सून, मोठ्या कंपनीत इंजिनिअर, देवळाचं काम सेवा म्हणून करायची. मी काय करायचो? रोज सकाळी दार उघडून बघायचो, बारका दिवा लुकलुकतोय का. लुकलुकतोय? झकास. दार बंद!

हां, आणि मशीनच्या डोक्यावरचं पाकीट जागेवर आहे का, तेही बघायचो. ते हिरवं पाकीट हो, मक्याच्या कुरकुरीत नळ्यांचं, ज्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. आमच्याकडे दवाखाना घ्या, बँक घ्या, कारखाना घ्या, मशीन म्हटली की तिच्यावर ते पाकीट असतंच. हिरवंच पाहिजे, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं सुरळीत. फोडायचं नाही, खायचं नाही आणि मुदत संपलेलं ठेवायचं नाही. मुदत संपली की मशीन बिघडते! यात हसण्यासारखं काय आहे? पेइ-रुंग एवढी शिकलेली, तिनं स्वतःच्या हातानं ठेवलं होतं ते.

तर ही पेइ-रुंग बाळंत झाली. चांगली गोष्ट आहे, गोड मुलगी झाली, आनंद आहे. पण बाळंतीण म्हटल्यावर महिनाभर खोलीत. गार पाण्याला हात नाही, केस धुवायचे नाहीत, वारा नाही, तिळाच्या तेलातली कोंबडी खायची आणि पडून राहायचं. आणि तिची सासू! तुम्हाला सांगतो, बंदरावरचे खलाशी त्या बाईला वाट देतात. "बाळंतिणीनं मोबाइल बघितला की डोळे जातात!" असं म्हणून तिनं सुनेचा फोन काढून घेतला आणि स्वतःच्या जाकिटाच्या खिशात घातला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमची ही घरात ओरडली, "अहोऽऽ! तुमच्या देवळात चोर शिरलेत!"

मी चप्पल न घालताच धावलो. बघतो तर ही संगणकासमोर, आणि पडद्यावर लाल अक्षरं. 'हे ठिकाण सुरक्षित नाही. इथं तुमची माहिती चोरली जाऊ शकते.' आता आमच्या हिला चोर दिसणारच ना? ती आमच्या हाय-शेंगच्या नावाचा दिवा लावायला बसली होती. हाय-शेंग आमचा मुलगा. ट्यूना पकडणाऱ्या मोठ्या बोटीवर आहे, लांब, पार दुसऱ्या महासागरात. दोन दोन वर्षं येत नाही. आणि ही दर वर्षी सगळ्यांच्या आधी त्याचा दिवा लावते. पहिला दिवा आपल्या पोराचा, असा तिचा हट्टच आहे. तिनं लाल अक्षरं बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "जिथं देवाच्या घरातच चोर, तिथं माझ्या पोराचं नाव मी नाही टाकणार." आणि माझ्यादेखत, माझ्या घरात बसून, तिनं पलीकडच्या बंदरातल्या देवळाची वेबसाइट उघडली आणि तिथं दिवा लावला! चिटणिसाची बायको! मला इतकं लागलं म्हणून सांगू... म्हणजे देवी तीच, मान्य आहे. पण त्या पोराचं बारसं आमच्या देवीसमोर झालंय हो. बोटीवर निघताना तो आमच्याच पायरीवर डोकं टेकवून गेला. त्याचा दिवा परक्या देवळात?

तोवर फोन सुरू. "थियाम, देवीची दानपेटी फोडली म्हणे?" "थियाम, माझूआईलाच नेलं का?" आणि आमचे अध्यक्ष लुओ साहेब, कालवांचे मोठे व्यापारी, ते तर खुर्चीतून ताडकन उठलेच. "थियाम! बोटीवरच्या पोरांची निम्मी कुटुंबं पलीकडं चाललीत! या रविवारच्या आत वेबसाइट नीट नाही झाली ना, तर यंदाचे दिवे त्यांच्याकडे, आणि चिटणीसपद दुसऱ्या कुणाकडे!"

मी पेइ-रुंगकडे फोन लावला. उचलला कुणी? खिशानं!

"काय पाहिजे?"

"नमस्कार वहिनी, मी थियाम, देवळातून. जरा पेइ-रुंगशी..."

"झोपलीये."

"देवीचं काम आहे हो."

आता देवीचं काम म्हटल्यावर तिला काय बोलता येणार? दात खात तिनं फोन दिला, पण किती वेळ, तर कोंबडी गरम होईपर्यंत. आणि पेइ-रुंग रजईच्या आतून कुजबुजत बोलतेय, "काका, घाबरू नका. चोर वगैरे नाही. सर्व्हरचं प्रमाणपत्र आहे ना, त्याची मुदत संपली. हा सर्व्हर खरोखर आपल्या देवळाचाच आहे, असं एक कंपनी लिहून देते, ते प्रमाणपत्र. ते नवं काढायचं. त्याच्यासाठी आधी किल्ल्यांची जोडी तयार करायची. एक उघडी, ती सगळ्या जगाला द्यायची. एक खाजगी, ती कुणालाही द्यायची नाही."

"दोन्ही एकाच कुलपाच्या?"

"एकीनं बंद होतं, दुसरीनं उघडतं."

"मग जिनं बंद केलं तिनं उघडत नाही?"

"नाही."

"मग ती किल्ली कसली?"

रजईतून नुसता सुस्कारा आला. मग म्हणाली, "काका, तुमचा शिक्का आहे ना घरी, बँकेत नोंदवलेला? शिक्क्याचा ठसा सगळे बघतात. पण शिक्का कुणाला देता का? खाजगी किल्ली म्हणजे शिक्का. ती कुणाला दाखवायची नाही आणि कुठं हरवायची नाही!"

आत्ता कुठं जरा उजेड पडतोय असं वाटलं, तेवढ्यात पाठीमागून आवाज, "कोंबडी!" आणि फोन खिशात.

मग पुढचा सगळा प्रकार असाच, तुकड्या तुकड्यांनी. सकाळच्या कोंबडीला एक वाक्य, दुपारच्या डुकराच्या मूत्रपिंडाच्या सुपाला दुसरं वाक्य. देवळातल्या ऑफिसच्या संगणकावर मी बसलोय, कानाला फोन, आणि ती सांगेल तसं एका बोटानं टाइप करतोय. मशीन विचारते, देश कोणता? टाकला. गाव कोणतं? टाकलं. संस्थेचं नाव काय? इथं अध्यक्षसाहेब मागून वाकले. "माझं नाव टाक." म्हटलं, साहेब, देवळाचं विचारतेय. "देवळाच्या खांबावर कुणाचं नाव कोरलंय? माझं! मग इथं नको?" बरं, त्यांचं टाकावं तर उपाध्यक्ष म्हणाले, माझा खांब त्यांच्या शेजारीच आहे. मग खजिनदार. मग दगडी सिंह देणाऱ्या बाई. मशीननं सगळं नाकारलं. एवढी नावं एका रकान्यात मावत नाहीत म्हणाली. मशीनला जे कळतं ते आमच्या मंडळाला कधी कळायचं?

शेवटी झाली एकदाची किल्ली तयार. म्हणजे झाली असं पेइ-रुंग म्हणाली. मला दिसलं काय? दोन बारकी चित्रं, संगणकाच्या पडद्यावर, शेजारी शेजारी. एक उघडून बघितली तर नुसता अक्षरांचा चिवडा! मागून अध्यक्ष, "हीच का ती? बाजूला हो, फोटो काढतो, मंडळाच्या ग्रुपवर टाकतो, सगळ्यांकडे राहील." अहो, त्या ग्रुपवर कोण कोण आहे तुम्हाला माहीत आहे का? रोज सकाळी कमळाच्या फुलाचं चित्र आणि 'सुप्रभात' पाठवणारी सगळी गावची म्हातारी मंडळी, आणि पलीकडच्या देवळाचे दोन विश्वस्त! मी पडद्यावर आडवा पडलो. अक्षरशः आडवा. म्हटलं, साहेब, माझ्या अंगावरून जा. कुणाला दाखवायची नाही!

मग उघड्या किल्लीसकट अर्ज कंपनीला पाठवला. खाजगी किल्ली पेनड्राइव्हवर घ्यायची, त्याला पासवर्ड लावायचा. अध्यक्ष म्हणाले, पासवर्ड मंगल पाहिजे, देवीचा वाढदिवस ठेव. आता माझूआईचा वाढदिवस तिसऱ्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला असतो, हे या बेटावर पाळण्यातल्या पोरालासुद्धा माहीत आहे, अर्ध्या देशातून पालख्या निघतात! पण अध्यक्षांपुढं बोलणार कोण? ठेवला. आणि पेइ-रुंगला विचारलं, आता ही पेनड्राइव्ह ठेवू कुठं? ती म्हणाली, "सुरक्षित ठेवा काका. अशा जागी ठेवा की कुणालाही सापडता कामा नये. आणि ऑफिसच्या संगणकावर किल्ली पडून राहू देऊ नका, तिथली काढून टाका, पण त्याच्या आधी एक..."

"सूप!"

फोन खिशात. आधी एक काय? आधी एक काय, बाई? नमस्कार? प्रदक्षिणा? मला काय माहीत! मी आज्ञाधारक माणूस. संगणकावरची काढून टाकली. कचऱ्याच्या टोपलीतूनही काढून टाकली. 'कायमचं पुसायचं का?' असं मशीननं विचारलं, म्हटलं पूस बाई, कायमचं पूस, एकच ठेवायची म्हणजे एकच!

राहता राहिली पेनड्राइव्ह. आता तुम्हीच सांगा, आमच्या देवळात काय कुणाला सापडत नाही? तिजोरीचे आकडे अध्यक्ष विसरलेत आणि ज्या कागदावर लिहिलेत तो कागद तिजोरीत आहे. देवीच्या चौथऱ्याखाली आ-मुआ मावशी रोज झाडते. आ-मुआ मावशी म्हणजे देवळाचा सगळा केरवारा, फुलांपासून उदबत्तीपर्यंत सगळं बघणारी, तिच्या नजरेतून झुरळ सुटत नाही. मग माझी नजर गेली मशीनच्या डोक्यावर. हिरवं पाकीट! त्याला कोण हात लावणार? फोडत नाहीत, खात नाहीत, चोरसुद्धा लावणार नाही हात! पाकीट खालून ब्लेडनं हळूच कापलं, देवीची माफी मागितली, पेनड्राइव्ह आत सरकवली, वरून चिकटपट्टी. तुम्हाला सांगतो, इतका खुश झालो स्वतःवर, की त्या दिवशी मीच दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

मग प्रमाणपत्राची वाट बघणं. देऊळ खरंच अस्तित्वात आहे का, हे विचारायला कंपनीचा फोन येतो म्हणे. आला. उचलला आ-मुआ मावशीनं. "हे देऊळ आपलंच का? आपण प्रमाणपत्र मागवलंय का? आपल्या माणसाचं नाव सांगाल का?" मावशीनं टीव्हीवर फसवणुकीच्या बातम्या बघितलेल्या. "मेल्या, देवालासुद्धा सोडत नाहीस का?" असं म्हणून तिनं फोन आपटला. दुसऱ्यांदा आला, तेव्हा तिनं त्या बिचाऱ्याला त्याच्या आईची शपथ घातली. तिसऱ्यांदा मी मावशीच्या हातातून फोन हिसकावला आणि बंदरावरच्या आवाजात ओरडलो, "आहेऽऽ! देऊळ आहेऽऽ!" पलीकडचा माणूस म्हणाला, ऐकू आलं काका, फोन लांब धरा.

आणि प्रमाणपत्र आलं! शनिवारी सकाळी. रविवार उद्यावर. आमच्या हिला फोन करून सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत आपल्या पोराचा दिवा आपल्या देवळात. ती म्हणाली, बघू. मी ते प्रमाणपत्र मशीनला दिलं, जसं सांगितलं होतं तसं, आणि मशीननं विचारलं, हिची खाजगी किल्ली कुठाय? म्हटलं, देतो की! आणि नगाऱ्यामागच्या खोलीत गेलो, पाकीट उचललं, उलटं केलं...

चिकटपट्टी नाही.

पाकीट कसं चकचकीत! करकरीत! मुदत पुढच्या वर्षाची! ओरडलो, "माऽऽवशी!"

आ-मुआ मावशी हात पुसत आली, चेहऱ्यावर हे एवढं समाधान. "बदललं बाई मी. अध्यक्षच म्हणाले, मशीनच्या कशाचीतरी मुदत संपलीये म्हणून वेबसाइट लाल झालीये. मी बघितलं तर खरंच की! पाकिटाची मुदत संपलेली! आणि तुम्ही लोक आठवडाभर संगणक बडवत बसलाय. एवढं साधं कुणाला दिसलं नाही?"

अध्यक्षांना मी सांगितलं होतं प्रमाणपत्राचं, त्यांनी सांगितलं पाकिटाचं, आणि मावशीनं केलं तेच, जे या बेटावरच्या कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं. मी विचारलं, "मावशी, जुनं कुठाय? टाकलं का? कचऱ्याची गाडी कधी गेली?"

"टाकीन कशी? वर्षभर देवीच्या मशीनवर बसलेलं पाकीट! धुपाटण्यावरून तीनदा ओवाळलं आणि दिलं पेइ-रुंगच्या सासूकडे. त्यांची छोटी फार रडते. म्हटलं, मशीनला शहाणं ठेवलं, पोरीला नाही ठेवणार? उशाशी ठेव म्हणून सांगितलं."

म्हणजे बघा तुम्ही! ती पेइ-रुंग मला फोनवर सांगतेय, काका, किल्ली कुणाला सापडता कामा नये, आणि किल्ली हिच्याच लेकीच्या उशाशी!

स्कूटर काढली. समोरून वारा असा, की पुढं जायच्या ऐवजी मीच कालवांच्या शेतात जातो की काय. दारात सासूबाई उभ्या.

"आत यायचं नाही. वाऱ्यातून आलायस."

"वहिनी, ते हिरवं पाकीट फक्त द्या. लगेच जातो."

"पाकीट? अजिबात नाही. पाकीट आलं आणि पोरगी पहिल्यांदा सलग झोपली. मी झोपले. माझ्या मुलानं दाढी केली. आणि तू पाकीट मागतोस?"

"वहिनी, त्याच्यात देवळाची किल्ली आहे."

"म्हणून तर गुण आला!"

आता? बोला! मी गयावया केली, हाय-शेंगचा दिवा म्हटलं, बोटीवरची पोरं म्हटलं, रविवार म्हटलं. मग मात्र ती जरा नरमली. तिचाही भाऊ समुद्रावर गेला होता एकेकाळी. ती म्हणाली, "मी कोण ठरवणार? देवीला विचारू." आणि घरातल्या देव्हाऱ्यापुढं कौल लावायला बसली. ते दोन लाकडी चंद्रकोरीसारखे तुकडे, हातात धरले, कपाळाला लावले, "आई, पाकीट थियामला देऊ का?" आणि टाकले. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देवी हसतेय! प्रश्नच चुकलाय म्हणे. मी दारातून ओरडलो, परत विचारा! परत टाकले. दोन्ही पालथे. नाही. साफ नाही! खुद्द माझूआई, जिच्या देवळासाठी मी हे सगळं करतोय, तिनंच मला नाही म्हटलं!

मी तिथंच पायरीवर बसलो. खरं सांगतो, रडू आलं. म्हटलं, राहू दे. पलीकडच्या देवळात तर पलीकडच्या देवळात, दिवा लागल्याशी कारण. पोराला कुठं कळणारे? पण मला कळणार ना हो...

तेवढ्यात आतून आवाज, "थियाम काका? काय झालं? प्रमाणपत्र बसलं का?"

मग मी सगळं सांगितलं. दारातून, मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. पेनड्राइव्ह, पाकीट, मावशी, कौल. आतून आधी खुसखुस. मग हसू. हसतेय, हसतेय, "आई गंऽ, टाके!" म्हणतेय आणि परत हसतेय. पोरगी जागी झाली, ती रडायला लागली, सासूबाई माझ्यावर ओरडायला लागल्या.

"अहो काका, ती किल्ली मागताय कशाला? गावभर फिरून आली ती, आता कसली गुप्त! सापडली तरी वापरायची नाही. नवी करा!"

"नवी?"

"नवी जोडी करा, कंपनीला सांगा जुनं प्रमाणपत्र रद्द करून नवं द्या. ओळख पटलेलीच आहे. तासाभरात देतात."

"तासाभरात? आणि हे तू मला आधी नाही सांगितलंस?"

"तुम्ही हरवल्याचं मला सांगितलंत कुठं?"

तुम्हाला सांगतो, देवी हसली होती ना पहिल्या कौलाला? ती काय उगीच नाही हसली.

परत आलो. एका बोटानं नवी जोडी केली. संस्थेचं नाव फक्त देवळाचं टाकलं, खोलीला आतून कडी लावून. यावेळी एक प्रत सर्व्हरवर ठेवली, एक नव्या पेनड्राइव्हवर, मगच संगणकावरची पुसली. 'आधी एक' म्हणजे हे होतं म्हणे! पासवर्ड माझ्या मनानं ठेवला, तो तुम्हालाही सांगणार नाही. आणि संध्याकाळी, बाहेर आरतीचा नगारा वाजत असताना, लाल अक्षरं गेली आणि देवळाचं पान उघडलं. मी कुणाला हाक नाही मारली. आधी बसलो आणि नाव टाकलं. हाय-शेंग. गाभाऱ्यात डावीकडच्या वर्षदिव्यांच्या मनोऱ्यावर एक बारका विजेचा दिवा लागला, पहिला, यंदाचा पहिला. आमची ही नेमकी तेव्हाच देवळात आली होती, मला वाटतं नुसती बघायला. तिनं दिव्याकडे बघितलं, पदर नाही तर काय, मफलरच डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "पलीकडचाही राहू दे हं. दोन्हीकडून नजर राहील."

बरं, झालं ना सगळं गोड? मग मी इथं बोंबलतोय कशाला?

अहो, नवी पेनड्राइव्ह ठेवायची कुठं! अध्यक्ष म्हणाले, माझ्या घरी. उपाध्यक्ष म्हणाले, मग माझ्या का नाही? भांडण नको म्हणून कौल लावला. अध्यक्षांचं घर? नाही. तिजोरी? देवी हसली. चौथऱ्याखाली? नाही. आणि मग मावशी, अगदी सहज, "आई, पाकिटात?" होय. परत टाकला, होय. तिसऱ्यांदा, होय! सलग तीन होय! त्याच्यापुढं कुणाची टाप आहे बोलायची? ब्लेड, पेनड्राइव्ह, चिकटपट्टी, मशीनच्या डोक्यावर. मावशीला बजावलं, आता याला हात लावायचा नाही. मावशीनं देवीची शपथ घेतली आणि शपथ पाळली. तिनं त्या पाकिटाला हात लावला नाही.

पण त्या सासूबाईंनी गावभर सांगितलं ना! पाकीट मशीनवर बसवलं की पोरं झोपतात! झालं. आल्या सगळ्या आज्या. ज्यांची नातवंडं रडतात त्या, ज्यांची परीक्षेला बसलीत त्या, एक तर नवऱ्यासाठी घेऊन आली. प्रत्येकीच्या हातात हिरवं पाकीट. मशीनच्या डोक्यावर, मशीनच्या बाजूला, मशीनच्या मागं. पंख्याच्या वाऱ्यानं घसरतात म्हणून मावशीनं सगळ्यांना खालून चिकटपट्टी लावली. सगळ्यांना! तशीच! आणि रचताना वरची खाली, खालची वर. दाबून बघायला जावं तर मावशी ओरडते, "देवीचं पाकीट चुरडतोस?" फोडायची तर सोयच नाही. आणि नवीन वर्षाच्या दिवशी ती सगळी घरोघर वाटायची ठरलीत, ज्याची त्यालाच जाईल याची खात्री कुणी द्यायची?

आता पेइ-रुंगचा महिना संपलाय. केस धुतले, देवळात आली, खोलीचं दार उघडलं. मशीन दिसेना. नुसता हिरवा डोंगर, त्याच्या आत कुठंतरी पंखा घरघरतोय. म्हणाली, "काका, ही मशीन गरम होऊन बंद पडेल एक दिवस. नवी आणावी लागेल, तेव्हा राखून ठेवलेली किल्ली लागेल. किल्ली कुठाय?"

काय सांगू तिला? तूच म्हणाली होतीस ना बाई, अशा जागी ठेवा की कुणालाही सापडता कामा नये?

ठेवलीय.